'मस्ट नॉट' आणि 'गरज नाही': इंग्रजीतला 'नॉट' नेमका कशाला चिकटतो?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडी ओतकामाच्या कारखान्यात, मी एक्स्पोर्टचं काम बघायचो तेव्हाची गोष्ट. बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती, 'फेस ए मस्ट नॉट बी पेंटेड', फेस म्हणजे पार्टची एक बाजू. डिस्पॅच तोंडावर आलेला, मी घाईत पेंटिंगच्या शेडमध्ये गेलो आणि तिथं पेंट मारणाऱ्या मामांना सांगून आलो, "मामा, ह्या बाजूला पेंट मारायची गरज नाही." संध्याकाळी जाऊन बघतो तर १२० च्या १२० कास्टिंगना, म्हणजे ओतलेल्या पार्टना, त्याच फेसवर लालभडक प्रायमर मारून वाळत ठेवलेला. मामा म्हणाले, "गरज न्हाई म्हटलासा की साहेब, पण डब्यात प्रायमर उरलावता, म्हटलं तेवढाच गंज धरायचा न्हाई."

आता ह्यात मामांचं काय चुकलं? काही नाही. गरज नाही म्हणजे नाही मारला तरी चालतंय, आणि मारला तरी चालतंय. ड्रॉइंग म्हणत होतं मारायचाच नाही. तो मशिनिंगचा फेस, तिथं प्रायमरचा थर बसला की पुढची सगळी मापं बोंबलली. रात्री साडेअकरापर्यंत थिनर, वायर ब्रश आणि चिंध्या घेऊन चौघं बसलो होतो, त्यात मी एक. तेव्हापासून मस्ट, नीड, मे, कॅन ह्या मंडळींच्या मागं 'नॉट' आला की मी दोन मिनिटं थांबतो. पुढं उद्यमनगरातली पोरं रविवारी घरी इंग्रजी विचारायला यायला लागली, त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी एवढंच बघा: 'नॉट' कामाला लागलाय का सक्तीला

मस्ट, कॅन, मे, शुड असल्या क्रियापदांना मोडल म्हणतात हे शाळेत झालंय. प्रत्येक मोडल वाक्यात दोन गोष्टी असतात. एक काम, म्हणजे पेंट मारणं, येणं, पाठवणं. दुसरी त्या कामाभोवतीची गोष्ट, म्हणजे सक्ती, परवानगी, ताकद, शक्यता ह्यातलं काहीतरी. आता 'नॉट' आला की तो ह्या दोनपैकी एकालाच पुसतो. काम पुसलं तर 'न मारण्याची सक्ती'. सक्ती पुसली तर 'मारण्याची सक्ती नाही'. एवढ्यावर सगळा खेळ आहे, आणि वैताग असा की इंग्रजीत 'नॉट' दिसायला दोन्हीकडं एकाच जागी असतो, मोडलच्या लगेच मागं. नुसतं बघून कळत नाही, कुठला मोडल काय करतो ते लक्षातच ठेवावं लागतं.

मराठीत आपण हे न शिकता बरोबर करतो. 'येऊ नको', 'येऊ नये', 'यायचं नाही', 'यावं लागत नाही', 'येईलच असं नाही', 'येईना', प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि कोणाला शिकवावं लागलं नाही. म्हणून माझी पद्धत सोपी आहे, इंग्रजी वाक्य आधी नेमक्या मराठीत बसवायचं, ढोबळ नाही, नेमक्या, आणि मगच पुढं जायचं.

मस्ट नॉट, नीड नॉट, डोन्ट हॅव टू

इथं सगळ्यात जास्त माणसं पडतात, म्हणून इथं जरा थांबू.

'यू मस्ट कम' म्हणजे तुला यायलाच पाहिजे. 'यू हॅव टू कम' म्हणजे तुला यावं लागेल. सरळ वाक्यात दोघं सख्खे भाऊ. पण 'नॉट' आला की भावकी फुटते. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे यायचं नाही, आलास तर बघ. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे यावं लागणार नाही, आलास तर आनंदच आहे. मस्टमध्ये 'नॉट' कामाला चिकटला, हॅव टूमध्ये सक्तीला.

मराठी माणूसच इथं जास्त का गंडतो ह्याचं कारण मला बऱ्याच उशिरा सापडलं. आपल्याकडं 'पाहिजे'चा उलटा 'नको'. 'तू यायला पाहिजे', 'तू यायला नको'. आता हे 'यायला नको' म्हणजे काय हो? घरी पाहुणे यायचेत, आई फोनवर म्हणते "तू स्टँडवर घ्यायला यायला नको, रिक्षानं येतील ते", ती गरज नाही म्हणत्येय. आणि भांडण झाल्यावर काका म्हणतात "त्यानं ह्या लग्नाला यायला नको", ती बंदी आहे. शब्द तेच, आवाजावरून आपण ओळखतो. मेलमध्ये आवाज नसतो. मग डोक्यात 'पाठवायला नको' असं येतं, पाहिजे म्हणजे मस्ट हे पाठ असतं, म्हणून हात आपोआप 'यू मस्ट नॉट सेंड द सॅम्पल' टाइप करतो, आणि समोरचा वाचतो की खबरदार सॅम्पल पाठवलं तर.

उपाय असा की 'नको' डोक्यात आला की त्याला फोडायचं. 'पाठवावं लागत नाही' असं म्हणून बघा, जमलं तर डोन्ट हॅव टू किंवा नीड नॉट. 'पाठवायचं नाही' असं म्हणून बघा, ते खरं असलं तरच मस्ट नॉट. मराठीतला 'लागत नाही' हा आपला देवमाणूस आहे, तो कधी फसवत नाही.

नीड नॉटबद्दल दोन बारक्या गोष्टी. 'यू नीड नॉट कम' ह्यात नीड हा मोडल आहे, त्याच्या मागं 'टू' येत नाही आणि 'ही'बरोबर 'एस' लागत नाही. 'ही नीड नॉट कम' बरोबर, 'ही नीड्स नॉट कम' चूक, आणि 'नीड नॉट टू कम' तर आपल्याकडं सर्रास चालतं पण चूकच. 'डोन्ट नीड टू' म्हटलं की मात्र तिथं नीड साधं क्रियापद झालं, मग 'टू' पाहिजेच. दुसरं, हा मोडल नीड सरळ होकारी वाक्यात येत नाही, 'यू नीड कम' असं कोणी म्हणत नाही. रोजच्या बोलण्यात, अमेरिकेत तर विशेष करून, 'डोन्ट हॅव टू' आणि 'डोन्ट नीड टू' जास्त ऐकू येतं. शंका आली तर 'डोन्ट हॅव टू' वापरा, कुठंही खपतं.

भूतकाळात 'मस्ट नॉट'ला स्वतःचं रूप नाही. 'आम्हाला आत जायचं नव्हतं, मनाई होती' हे सांगायचं तर 'वी वेअर नॉट अलाउड टू गो इन' किंवा 'वी कुडन्ट गो इन' म्हणायचं.

मे नॉट: एकाच तोंडानं दोन गोष्टी

'यू मे नॉट एंटर' म्हणजे आत यायची परवानगी नाही, 'नॉट'नं परवानगी पुसली. 'ही मे नॉट कम टुडे' म्हणजे आज कदाचित येणार नाही, इथं 'नॉट'नं येणं पुसलं, शक्यता जागेवरच आहे. दोन शब्द तेच, हिशेब उलटा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद होता हे सगळ्यांना आठवत असेल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला पण पाठ असतात. त्या दिवसांत गिऱ्हाइकांना रोज मेल जायचे. आता बघा, 'द ट्रक मे नॉट लीव्ह टुमारो' असं लिहिलं तर समोरच्याला कळणार कसं, उद्या कदाचित सुटणार नाही म्हणताय का सोडायला मनाई आहे म्हणताय? त्यानुसार तो वाट बघणार किंवा विमानानं माल मागवणार. म्हणून कदाचितवाला अर्थ असला की मी 'माइट नॉट' लिहितो, त्यात परवानगीची भानगड जवळजवळ येतच नाही. मनाई असली तर सरळ 'इज नॉट अलाउड टू'. आणि रस्ताच पाण्यात असला, सुटायचा प्रश्नच नसला, तर 'कॅनॉट लीव्ह'.

आयटीतल्या पोरांसाठी एक जोड. इंटरनेटच्या तांत्रिक कागदपत्रांत कुठला शब्द किती कडक धरायचा हे ठरवणारा एक कागद आहे, आरएफसी २११९, मार्च १९९७ चा. त्यात 'मस्ट नॉट' आणि 'शॅल नॉट' म्हणजे पूर्ण बंदी, 'शुड नॉट' म्हणजे शक्यतो नको पण खरंच कारण असलं तर नीट विचार करून चालेल, आणि 'मे' म्हणजे तुमची मर्जी. त्या यादीत 'मे नॉट' नाही. मला तरी ते बरोबर वाटतं, स्पेसिफिकेशन लिहिताना 'मे नॉट' वापरूच नये.

कान्ट: ताकद, परवानगी आणि 'शक्यच नाही'

कॅनच्या मागचा 'नॉट' सरळ वागतो, तो नेहमी कॅनलाच पुसतो. मला पोहता येत नाही, 'आय कान्ट स्विम'. इथं गाडी लावता येणार नाही, 'यू कान्ट पार्क हिअर'. तो असणं शक्यच नाही, 'दॅट कान्ट बी हिम'. तिन्हीकडं मराठीत 'येत नाही' किंवा 'शक्य नाही' आरामात बसतं.

गंमत कुड आणि माइटमध्ये आहे. 'इट कुड बी ट्रू' आणि 'इट माइट बी ट्रू' जवळपास एकच, खरं असू शकेल. 'नॉट' टाका. 'इट माइट नॉट बी ट्रू' म्हणजे कदाचित खरं नसेल, असेलही. 'इट कुडन्ट बी ट्रू' म्हणजे खरं असणं शक्यच नाही. एकानं दार किलकिलं ठेवलं, दुसऱ्यानं कडी घातली. माझ्याकडं येणाऱ्या एका पोरीनं इंटरव्ह्यूनंतरच्या मेलमध्ये 'आय कुड नॉट जॉइन बिफोर जून' असं लिहिलं होतं, तिला म्हणायचं होतं बघते, कदाचित जमणार नाही. समोरच्यांनी वाचलं की जूनच्या आधी जमणारच नाही. 'माइट नॉट बी एबल टू' लिहिलं असतं तर बोलणं तरी पुढं गेलं असतं.

अंदाज बांधताना मस्टचा उलटा कान्ट

गाडी दारात आहे, लाइट चालू आहे, 'ही मस्ट बी ॲट होम', घरीच असणार. आता गाडी नाही, कुलूप आहे, घरी नसणारच. इथं शाळेचं गणित लावून 'ही मस्ट नॉट बी ॲट होम' लिहायचा मोह होतो. अमेरिकेत असं म्हणतात पण, ते चूक नाही. पण ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, म्हणजे आपण शाळेत शिकतो त्यात, अंदाजाच्या मस्टचा उलटा कान्ट, 'ही कान्ट बी ॲट होम'.

झालेल्या गोष्टीबद्दल असंच. 'त्यानं मेल बघितलाच नसणार' म्हणजे 'ही कान्ट हॅव सीन द मेल'. 'बघितला नसेल कदाचित' म्हणजे 'ही माइट नॉट हॅव सीन द मेल'. मराठीत 'नसणार' आणि 'नसेल' ह्यात जेवढं अंतर, तेवढंच तिकडं.

केलं, पण करायला नको होतं

हा भाग मला स्वतःला फार आवडतो कारण ह्यात माणसाचा स्वभाव दिसतो. तुम्ही पाहुण्यांकडं जाताना दोन किलो पेढे घेऊन गेलात.

'यू शुडन्ट हॅव ब्रॉट स्वीट्स' म्हणजे आणायला नको होते. डायबेटिसवाला पाहुणा असला तर ही तक्रार आहे, एरवी कौतुक. 'यू नीडन्ट हॅव ब्रॉट स्वीट्स' म्हणजे कशाला आणलेत, गरज नव्हती, पण आणलेत हे नक्की. 'यू डिडन्ट नीड टू ब्रिंग स्वीट्स' म्हणजे आणायची गरज नव्हती, आणले का नाही ते वाक्य सांगत नाही. 'यू कुडन्ट हॅव ब्रॉट स्वीट्स' म्हणजे तुम्ही आणलेच नसणार किंवा आणणं शक्यच नव्हतं, दुकान बंद होतं.

आणि 'यू मस्ट नॉट हॅव ब्रॉट' ह्याचा अर्थ 'आणायला नको होते' असा कधीच होत नाही. झाला तर अमेरिकन अंदाज, आणले नसणार. बॉसला 'यू मस्ट नॉट हॅव सेंट द मेल' लिहून 'तुम्ही मेल पाठवायला नको होता' असं सुचवायला जाल तर त्याला काहीच कळणार नाही, ते एका अर्थी बरंच आहे म्हणा.

वोन्ट आणि आपली 'होईना'

विल नॉटचं वोन्ट होतं, शॅल नॉटचं शान्ट, हे दुसरं आता फारसं ऐकू येत नाही. वोन्ट म्हणजे नुसतं 'णार नाही' असं धरून चालू नका. 'द मशीन वोन्ट स्टार्ट' हे भविष्य नाहीच, ते आत्ताचं रडगाणं आहे, मशीन सुरूच होईना. 'माय सन वोन्ट लिसन', पोरगा ऐकेना. 'द बाइक वुडन्ट स्टार्ट धिस मॉर्निंग', सकाळी गाडी सुरूच होईना झाली. मराठीतली ही 'ईना' इंग्रजीतल्या वोन्टला अशी चपखल बसते की कोणी मुद्दाम माप घेऊन शिवली असं वाटावं, आणि 'कान्ट हेल्प लाफिंग'ला 'हसल्यावाचून राहवेना' तसंच.

शॅल नॉट मात्र कायद्याच्या आणि करारांच्या भाषेत जिवंत आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम १४ मध्ये 'द स्टेट शॅल नॉट डिनाय' असं आहे, ती शासनावर घातलेली बंदी आहे, भविष्य सांगणं नाही. कलम २१ मध्ये तर नकार मोडलजवळ नाहीच, तो कर्त्यालाच लावलाय, 'नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड', कोणत्याही व्यक्तीला वंचित केलं जाणार नाही. करार वाचताना 'नॉट' दिसला नाही म्हणून सही करू नका, वाक्याच्या सुरुवातीला 'नो' बसलाय का ते बघा.

'ऑल' आला की नॉटची जागा बदला

'सगळे ट्रक आज जाऊ शकत नाहीत.' म्हणजे एकही जाणार नाही का काही जातील? मराठीतच घोळ आहे. 'ऑल ट्रक्स कॅनॉट गो टुडे' लिहिलं की तोच घोळ तिकडं पोचतो. काही जातील असं म्हणायचं तर 'नॉट ऑल ट्रक्स कॅन गो', एकही नाही तर 'नो ट्रक कॅन गो'. ह्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, सवय लावून घ्या.

किरकोळ पण रोजचं

'हॅड बेटर'चा नकार 'हॅड बेटर नॉट', 'नॉट' शेवटी, 'हॅडन्ट बेटर' नाही. 'वुड रादर नॉट' तसंच. 'ऑट'ला 'ऑट नॉट टू'. कॅनॉट एक शब्द म्हणून जोडून लिहायचा. 'इट शुडन्ट टेक लाँग' म्हणजे नैतिक उपदेश नाही, फार वेळ लागणार नाही बहुतेक.

'आय थिंक यू शुड नॉट चेंज द डिझाइन' हे व्याकरणात बरोबर आहे पण जरा टोचतं. 'आय डोन्ट थिंक यू शुड चेंज द डिझाइन' म्हटलं की तेच मऊ होतं. आपण नाही का म्हणत, 'मला नाही वाटत तुम्ही बदलावं'.

दोन नकार एकत्र आले तर घाबरू नका. 'यू कान्ट नॉट कम' म्हणजे न येऊन चालणारच नाही. पहिल्या 'नॉट'नं शक्यता पुसली, दुसऱ्यानं येणं पुसलं, शिल्लक राहिलं 'यावंच लागेल'. बोलण्यात चालतं, ऑफिसच्या मेलमध्ये टाळा.

फोनवर कॅन का कान्ट?

हे लिहून समजत नाही, तोंडानं म्हणून बघा. ब्रिटिश माणूस 'कान्ट' म्हणतो, लांब आ, लगेच कळतं. अमेरिकन 'कॅन्ट' म्हणतो आणि शेवटचा ट गिळतो, मग कॅन का कॅन्ट समजायची पंचाईत. पण त्यांचा होकारी कॅन वाक्यात दबून 'कन' होतो. 'आय कन शिप इट', जोर 'शिप'वर. नकारात 'कॅन्ट'वर पण जोर येतो. म्हणून ट शोधत बसू नका, जोर ऐका. आणि आपण बोलताना तारीख, पैसे, माल असलं काही असेल तर सरळ 'कॅनॉट' म्हणा आणि फोन ठेवल्यावर एक ओळ मेल टाका. मस्टन्टमधला पहिला ट पण गिळायचाच असतो, 'मसन्ट'.

आता करून बघा

ही वाक्यं वहीत लिहा, आधी मराठीत फोडा, मग इंग्रजी करा, मग खाली बघा.

साहेबांना फोन करावा लागणार नाही, मी केलाय. हेल्मेटशिवाय शेडमध्ये यायचं नाही. आज रात्री पाणी ४३ फुटाच्या वर कदाचित जाणार नाही. हा पार्ट आपला असणं शक्यच नाही, आपला मार्किंग नंबर नाही. तू एवढ्या लांब यायला नको होतंस, आलास ते बरं केलंस. बोल्ट निघेना.

पहिलं 'यू डोन्ट हॅव टू कॉल हिम'. दुसरं 'यू मस्ट नॉट एंटर द शेड विदाउट अ हेल्मेट'. तिसरं 'द वॉटर माइट नॉट गो अबव्ह फॉर्टी थ्री फीट टुनाइट', इथं कुडन्ट लिहिलंत तर पंचगंगेची गॅरंटी घेतलीत. चौथं 'धिस पार्ट कान्ट बी अवर्स'. पाचवं 'यू नीडन्ट हॅव कम सो फार', शुडन्ट पण चालेल पण मग हसून म्हणायला पाहिजे. सहावं 'द बोल्ट वोन्ट कम आउट'.

सहापैकी दुसरं आणि तिसरं चुकलं असेल तर मस्ट आणि मेचा भाग परत एकदा वाचा. पाचवं चुकलं तर फार मनाला लावून घेऊ नका, ते माझ्याकडं येणारी पोरं दोन-दोन महिने चुकतात.